तू बस म्हणालीस आणि सीझर बसला

अक्का,

त्या दुपारी तुझ्या घरून फोन आला तो कप्पूसाठी. तुझा अनंत बोलत होता. "मेधाक्का, लगेच येता का? अम्मा गेली. आणि कप्पू कुणाला जवळ जाऊ देत नाहीये." सगळं त्याने एका दमात सांगितलं. पहिलं मला कळायच्या आतच मी दुसऱ्याला उत्तर दिलं. म्हटलं, "त्याला कुणी हात लावू नका. मी येते."

मागच्या व्हरांड्यात तू वेताच्या खुर्चीत होतीस. जेवण करून बसलीस ती उठलीच नाहीस, असं सूनबाई म्हणाली. चष्मा नाकावर घसरला होता. खुर्चीपुढे कप्पू उभा होता, दात दाखवत. तुझा म्हातारा, आंधळा व्हायला आलेला कप्पू, ज्याला मी कधी साधं गुरगुरताना ऐकलं नव्हतं. शेजारचे शिवण्णा कपडे वाळत घालायची काठी घेऊन दारात उभे होते. कुणीतरी घोंगडी आणली होती, त्याच्या अंगावर टाकून धरू म्हणून. माणसं वाईट नव्हती, अक्का. त्यांना तुला आत घ्यायचं होतं.

मी सगळ्यांना आत जायला सांगितलं. शिवण्णांच्या हातातली काठी घेतली आणि आतल्या खोलीत ठेवून आले. मग व्हरांड्याच्या फरशीवर त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून बसले. त्याच्याकडे पाहिलं नाही. तुझ्याकडेही पाहिलं नाही. आतून कुणीतरी म्हणत होतं, "किती वेळ? डॉक्टर येऊन थांबलेत." मी बसून राहिले. कप्पूचं गुरगुरणं आधी बारीक झालं, मग तुटक झालं, मग नुसता श्वास उरला. शेवटी तो आला आणि त्याने माझ्या मांडीवर डोकं टाकलं. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मी त्याला पट्टा लावला आणि परसात शेवग्याखाली घेऊन गेले.

म्हणून तुझं शेवटचं दर्शन मला नीट झालंच नाही. आत तुला आंघोळ घातली, साडी नेसवली, लोक आले, रडले. मी परसात कप्पूला धरून बसले होते. तुला न्यायला निघाले तेव्हा बाजूच्या बोळातून मला फक्त तुझे पाय दिसले. नंतर अनंत येऊन म्हणाला, "बरं झालं तुम्ही होता." मी मान हलवली. तुला शोधत सगळ्या घरातून फिरणाऱ्या त्या कुत्र्याला आता काय सांगायचं, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही. ते सांगणारी तूच होतीस.

आपली ओळखही अशाच आरडाओरड्यात झाली. विनयला पीण्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो होतो. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि अंधार पडल्यावर सोडायची. बनशंकरीतलं भाड्याचं घर, वर मालकांचं कुटुंब, खाली मी. कन्नडचा एक शब्द कळत नव्हता. मूल व्हावं म्हणून चाललेल्या दवाखान्याच्या फेऱ्या आम्ही नुकत्याच थांबवल्या होत्या. दुपारी मी रेडिओ लावून ठेवायची, घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून. अशात गटारीजवळ भिजलेलं पिल्लू सापडलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली.

टिकलीने महिन्याभरात माझ्या चपला, विनयची बूट-पॉलिशची डबी आणि मालकांचं पायपुसणं, सगळ्याचा फडशा पाडला. माझे हात ओरबाडून काढले. कुणीतरी एका ट्रेनरचं नाव सुचवलं. तो शिट्टी आणि गळ्यात आवळणारी साखळी घेऊन आला. अंगणात त्याने टिकलीला साखळीने वर उचललं. तिचे पुढचे पाय हवेत, डोळे बाहेर, आणि खाली लघवीचा ओघळ. "आता बघा, घाबरली की शिकते," तो म्हणाला. मी काहीतरी पुटपुटले, पण हिंदीही नीट सुचेना.

तू कप्पूला घेऊन रस्त्याने चालली होतीस. फाटकापाशी थांबलीस. कन्नडमध्ये त्याला काय म्हणालीस ते मला आजवर कळलेलं नाही. आवाज चढवला नव्हतास. त्याने साखळी गोळा केली आणि निघून गेला. मग तू माझ्याकडे वळून तुझ्या माहेरच्या मराठीत म्हणालीस, "लेकरू आहे गं ते. काय चुकलं त्याचं?"

मराठी ऐकून मला रडूच आलं. आणि रागही. म्हटलं, "मग काय करू? चावू देऊ?"

"चावू कशाला देतीस? चावायला दुसरं दे की."

तू घरी जाऊन नारळाचं काथ्याचं सोडण घेऊन आलीस आणि टिकलीपुढे टाकलंस. ती त्यावर तुटून पडली. तासभर तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी हसले. त्या घरात मी मोठ्याने हसले ते पहिल्यांदाच असावं.

मग तू रोज यायला लागलीस. पदराला बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. तू जन्मभर बालवाडीत शिकवलंस आणि कुत्र्यांनाही तसंच शिकवायचीस. टिकली चुकून जरी खाली बसली तरी "जाणमरी!" म्हणायचीस, म्हणजे शहाणं पिल्लू, आणि तुकडा द्यायचीस. ती उड्या मारायला लागली की तू तिच्याकडे बघणंच बंद करायचीस. मला वाटायचं, हे काय शिकवणं? तू म्हणायचीस, "मारून लेकराला पाटीवर अक्षर काढता येतं गं. पण मग ते पाटी बघूनच रडायला लागतं. मला तिनं नुसतं बसायला नको. आनंदानं बसायला हवं." थोड्याच दिवसांत टिकली 'कूतको' म्हटलं की बसू लागली, 'बा' म्हटलं की धावत येऊ लागली. आमच्या पुणेरी घरात कन्नड समजणारी ती पहिली. विनय तिला 'टिकली, ये' म्हणायचा तर ती त्याच्याकडे परक्यासारखी बघायची.

मी तुला अहो-जाहो करायची. एक दिवस तू चिडलीस. "अक्काला कुणी तुम्ही म्हणतं का? मी काय तुझी हेडबाई आहे?" त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस. मला सख्खी बहीण नाही, तुला माहीत होतं.

आणि अक्का, इतक्या वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, मूल का नाही म्हणून. सगळे विचारायचे. दूधवालासुद्धा. तू फक्त रविवारी सकाळी हाक मारायचीस, "मेधा, मैदानावर चल. माणसं येतील." हे तुझे उपकार मी तुला कधी बोलून दाखवले नाहीत. तू म्हणाली असतीस, कसले उपकार, कलेजी काप.

रविवारी मैदानावर लोक आपापली कुत्री घेऊन यायचे. कुत्र्यांसाठी तुझ्याकडे अपार धीर होता आणि माणसांसाठी अजिबात नाही. एका बाईंना तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "कुत्रं चांगलं आहे, तुम्हीच स्वल्प शिका." त्या परत आल्या नाहीत. घरी सुनेच्या हातून भाजी लागली तरी तू दिवसभर तोंड वाकडं करायचीस. मी म्हणायची, "अक्का, एवढी गोडी तिला दाखवलीस तर?" तू म्हणायचीस, "ती काय पिल्लू आहे?" आणि संध्याकाळी मुकाट्याने तिच्यासाठी मोगरा घेऊन यायचीस. बोलायची मात्र नाहीस.

आता सीझर. ते मला लिहिलंच पाहिजे. आपण दोघी एवढ्या बडबड्या, आणि त्याच्याविषयी कधी बोललो नाही.

आपल्या गल्लीतल्या मूर्तीसाहेबांचा पीण्यात छोटा कारखाना होता. सीझर पिल्लू असल्यापासून तिथे साखळीला. तो तिखट व्हावा म्हणून राखणदारांनी त्याला काठीने टोचून टोचून वाढवला होता. तो झाला तिखट. एका कामगाराला चावला, तेव्हा मूर्तींनी त्याला घरी आणून मागच्या अंगणात पिंजऱ्यात ठेवलं आणि तुझ्याकडे आले. "अक्का, याला माणसात आणा. नाहीतर परत कारखान्यात बांधावा लागेल."

ते सगळे महिने मी तुझ्याबरोबर होते. पहिले कित्येक दिवस तू पिंजऱ्यापासून लांब खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचीस. तो जाळीवर झेपा घालायचा. तू पान उलटायचीस. अधूनमधून न बघता एक तुकडा आत टाकायचीस. खुर्ची इंचाइंचाने पुढे सरकत गेली. पावसात तू छत्री लावून बसलीस. आणि एका सकाळी त्याने जाळीतून तुझ्या तळहातावरचा तुकडा उचलला, ओठांनी, दात न लावता. तू माझ्याकडे वळून पाहिलंस. तुझं तोंड एखाद्या मुलीसारखं झालं होतं. परत येताना तू दोघींसाठी गजरे घेतलेस आणि माझा माझ्या केसांत तूच माळलास.

पुढे तो तुझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायला लागला. 'कूतको' म्हटलं की बसायचा आणि शेपटीने धूळ झाडायचा. मूर्तींची बायको त्याला हाताने भरवायला लागली. तेव्हा तू त्यांना म्हणालीस, घरात घ्या, पण आजींपासून दूर ठेवा. मूर्तींच्या आई काठी टेकत चालायच्या. "काठी त्याला अजून चालत नाही. त्याला वेळ लागेल."

एका संध्याकाळी कुणाकडून तरी मधलं दार उघडं राहिलं. आजी काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सीझरने त्यांचा हात कोपरापासून फाडला.

दुसऱ्या दिवशी मूर्ती तुझ्या व्हरांड्यात बसून रडत होते. आईचा हात वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. ते म्हणाले, घरात आता ठेवता येणार नाही, पीण्यालाच बांधतो. तू म्हणालीस, "तिथं नाही. परत ती साखळी आणि ती काठी नाही." मी म्हणाले, मी घेते त्याला. मनापासून म्हणाले होते. तू माझ्याकडे बघितलंस. "तुझ्या वरच्या मालकांचं लेकरू दिवसभर हातात काठी घेऊन खेळतं, मेधा."

मी म्हटलं, माझ्याकडे नको तर दुसरं कुणी शोधू. तू शोधलंसही. अनंतच्या ओळखीच्यांना, मैदानावरच्या सगळ्यांना विचारलंस. चावलेल्या कुत्र्याला कोण घेणार? आणि मग एका सकाळी तू माझ्या दारात येऊन म्हणालीस, "आज नेते त्याला. येतीस?"

मी आले. रिक्षात तुझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. डबीत दहीभात होता, त्याला आवडायचा म्हणून. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनच्या आधी तोंड बांधा, दोन माणसं बोलावतो धरायला. तू म्हणालीस, नको. डबी उघडलीस. त्याने सगळा भात खाल्ला, डबी चाटली. मग तू म्हणालीस, "कूतको." आणि तो बसला. जमिनीवर शेपटी आपटत बसला. तू त्याच्या मानेत हात घातलास, "जाणमरी, जाणमरी," म्हणत राहिलीस. मी भिंतीकडे तोंड केलं. शेपटीचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं.

बाहेर फाटकापाशी मी तुला म्हणाले, "त्याचा तुमच्यावर विश्वास होता म्हणून तो बसला. तो विश्वास तुम्ही यासाठी वापरलात."

मी 'तुम्ही' म्हटलं ते तुला लागलं. तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. तरी तू शांतच होतीस. "मग काय करायला हवं होतं? दोरीनं बांधून, दोन माणसांनी गुडघ्याखाली दाबून धरायला हवा होता?"

"निदान त्याला कळलं तरी असतं काय चाललंय ते."

"कळून त्याला काय मिळालं असतं, मेधा? भीतीच ना? ती त्यानं जन्मभर खाल्ली."

"तुम्ही शिकवलंत, आनंदाने बसावं म्हणून."

"आनंदानंच बसला तो," तू म्हणालीस. तुझा आवाज तिथे फुटला. मग तू रिक्षा न करता चालायला लागलीस. रिकामी डबी तुझ्या हातात होती. मी वेगळ्या वाटेने घरी गेले.

मग आपण बोललो नाही. पाऊस संपला, दसरा झाला. रविवारी तू एकटीच मैदानावर जायचीस. मी टिकलीला दुसऱ्या रस्त्याने फिरवायची. दुपारी पुन्हा रेडिओ. विनय म्हणाला, "एका कुत्र्यावरून?" त्याला मी समजावून सांगू शकले नाही. मलाही पूर्ण समजलं नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की तू म्हणालीस आणि तो बसला.

एका सकाळी तू फाटकात उभी. हातात कप्पूचा पट्टा. "माझी कंबर धरलीये. याला स्वल्प फिरवून आणतीस का?" मी चपला घातल्या. एवढंच. परत आले तेव्हा तू ओट्यावर टिकलीचे कान खाजवत बसली होतीस, आणि मी चहा टाकला. सीझरचं नाव आपण घेतलं नाही.

फक्त एकदाच. गेल्या थंडीत तुझ्या व्हरांड्यात आपण अवरेकाळू, म्हणजे इकडचे वाल, सोलत होतो. भिजवलेल्या दाण्यांच्या साली चिमटीने उडवत होतो. मधेच तू म्हणालीस, "त्यानं शेवटी पंजा दिला होता बघ. मी मागितला नव्हता." आणि पुन्हा दाणे सोलायला लागलीस.

मला ते माहीत नव्हतं. मी तेव्हा भिंतीकडे बघत होते. मला वाटलं काहीतरी बोलावं. पण आतून सूनबाईने हाक मारली, तू उठलीस, आणि ते राहिलं.

काय बोलले असते मी? बहुतेक हेच, की मला अजूनही वाटतं तू चुकलीस. आणि तरी, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याच्या मानेत हात घातलेला मला सहन झाला नसता. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात ते तुला विचारायचं होतं. आता हे भांडण मी एकटीच भांडते. तुझी बाजूही मलाच मांडावी लागते, आणि तुझ्यासारखी मांडता येत नाही.

कप्पू आता माझ्याकडे आहे. दिवसकार्य झाल्यावर अनंत यशवंतपूरच्या नव्या घरी राहायला गेला. ते तिसऱ्या मजल्यावर, सूनबाई नोकरीला, म्हातारं कुत्रं जिने कसे चढणार? अनंतने तुझं घर बंद करून किल्ली मला दिली. टिकली कप्पूला सांभाळून घेते, आपल्या ताटलीपासून मागे सरते. तो खात नाही. थोडा दहीभात खातो, तोही संध्याकाळी. विनय सध्या टूरवर आहे. घरात दोन कुत्री आणि मी, आणि तिघांनाही तुझ्या पावलांचा आवाज पाठ आहे. फाटक वाजलं की तिघंही मान वर करतो.

या रविवारी मी मैदानावर गेले नाही. सोमवारी एक बाई घरी आल्या, पिल्लू कडेवर घेऊन. "अक्का इल्लवा?" अक्का नाहीत का, असं विचारलं त्यांनी. मी कन्नडमध्ये सांगितलं, अक्का गेल्या. हे वाक्य मी त्या भाषेत पहिल्यांदा बोलले आणि मला ते मराठीपेक्षा जास्त खरं वाटलं. त्यांना मी पुढच्या रविवारचं काही सांगितलं नाही. जमेल का ते मला माहीत नाही. माणसांशी माझं बरं जमतं, पण धीर तुझ्याएवढा नाही.

काल सकाळी कप्पूला घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावरून एक रस्ता तुझ्या घराकडे जातो. मी मुद्दाम दुसरीकडे वळले तर तो तिथेच खाली बसला. मी हाक मारली, तुकडा दाखवला. तो तुझ्या रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला. नारळवाला म्हणाला, ओढून न्या अम्मा, म्हातारं आहे, येईल. मी म्हटलं, "बेडा. स्वल्प इरली." नको, राहू दे थोडा वेळ. मीही त्याच्या शेजारी दुकानाच्या पायरीवर बसले. शाळेची मुलं गेली, फुलवाली गेली. मग तो उठला आणि तुझ्या घराकडे चालायला लागला, आणि मी त्याच्यामागे.

फाटकाला कुलूप होतं, किल्ली माझ्या घरी राहिली होती. कप्पूने खालच्या फटीत नाक घातलं आणि बराच वेळ हुंगत राहिला. शेवग्याची पानं अंगणात पडून होती, कुणी झाडलं नव्हतं. त्याने कुलपाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग तो आपणहून वळला आणि माझ्या घराच्या दिशेने निघाला.

पट्टा ताठ झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी हललेच नव्हते. माझा हात फाटकावर होता. कप्पूने मागे वळून पाहिलं आणि तो रस्त्यातच उभा राहिला, मी येईपर्यंत.